हुतूतूतली मुलगी

वृषालीनं लॅपटॉपच्या पडद्यावरच्या मुलीच्या भुवया पुसल्या, मग नाक. मुलगी चढाईच्या मध्यावर, एक पाय हवेत, तशीच थांबलेली होती.

"हनुवटी ऱ्हायली की, ताई," मागे उभा असलेला सावळेराम म्हणाला. "ती आमच्या आईचीच दिसतीय."

वृषालीनं हनुवटीही बदलली. बीएस्सीनंतर ती पुण्यात ॲनिमेशन शिकली होती आणि विसरलेल्या खेळांवरच्या एका माहितीपटासाठी येडगावात आली होती. पन्नास वर्षांपूर्वी इथल्या मुली भावांच्या चड्ड्या घालून यात्रेत, भर गर्दीसमोर, परगावच्या मुलींशी हुतूतू खेळल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी घरच्यांनी खेळ बंद केला. फोटो एकही नव्हता. गावात त्यांतली एकटी साळुबाई उरली होती, सावळेरामची आई. तिनं अंगणात लुगडं खोचून चढाई करून दाखवली. वृषालीनं ती कॅमेऱ्यात घेतली आणि त्यावरून चित्रामागून चित्र काढलं.

"माझ्या अक्षदाची सोयरीक मढला जमतीय," सावळेराम म्हणाला. "पोराची आज्जी लई कडक. आमची आई चड्डी घालून गड्यांपुढं उड्या मारत व्हती, हे तिला कळलं म्हंजी संपलंच. नाव नको, तोंड नको. मंग खुशाल दाखवा."

साळुबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत बसली होती. तिनं चष्मा सारखा केला आणि पडद्याकडे पाहिलं.

"मंग ही कोण?"

"कुणीच नाही, आजी."

साळुबाईनं हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली.

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना सतरंज्या बांधून प्रोजेक्टर लावला. मढचे पाहुणे सकाळीच मुलगी बघायला आले होते. आता घोर नव्हता, म्हणून सावळेराम त्यांनाही घेऊन आला. पोराची आज्जी अंबाबाई पुढच्या रांगेत ताठ बसली. साळुबाईला मागे भिंतीकडेला खुर्ची दिली होती.

पडद्यावर परक्या चेहऱ्याची मुलगी मधल्या रेषेपाशी आली. डावा खांदा पुढे, टाचा उचललेल्या, उजवा हात कमरेमागे. तिनं रेषा ओलांडली.

"अगं बया!" खाली बसलेली, साळुबाईच्या शेजारच्या घरातली शीला ओरडली. "ही तर आपली साळुमावशी! बांधावरनं अश्शीच येती!"

हशा पिकला. मग एकेक मान मागे वळली, आणि हसू तिथंच थांबलं. चेहरा वृषालीनं बदलला होता. चाल तशीच ठेवली होती. सगळ्यांत जास्त मेहनत तिनं त्या चालीवरच घेतली होती.

सावळेराम पाहुण्यांकडे बघेना. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला.

अंबाबाई उठली. सुनेनं तिचा हात धरला. तिनं तो झटकला. प्रोजेक्टरच्या झोतातून जाताना त्या मुलीचे पाय तिच्या लुगड्यावरून पळाले.

"ही तुझी आई?" तिनं सावळेरामला विचारलं.

"व्हय. पन आक्का, ते लई जुनं..."

"तू गप."

खुर्चीसमोर जाऊन ती वाकली. ती पाया पडतेय असं वाटून साळुबाईनं पाय मागे ओढला. तो निघेना. अंबाबाईनं बोटांत बोटं अडकवून तिचा घोटा दोन्ही हातांनी आवळला होता.

"त्या दिशी माज्या भावाची चड्डी टरकली, तरी निसटलीस," अंबाबाई म्हणाली. "आता सूट बरं."

साळुबाई त्या सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं चष्मा काढला, तो न बघताच शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या वृषालीच्या हातात दिला, आणि छाती भरून श्वास घेतला.