घेण्यास नकार

काकूंनी ओल्या वेताची पट्टी खुर्चीच्या चौकटीतल्या भोकातून वर काढली, ताणून धरली आणि खुंटी बसवायला हात पुढे केला, तेवढ्यात फोन वाजला. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात खुंटी. त्यांनी खुंटी दातात धरली आणि स्टुलावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या फोनवरची हिरवी खूण पिशवीवरूनच बोटाच्या पेराने सरकवली. नंबर ओळखीचा नव्हता.

पलीकडून कोणी बोललं नाही. काकूही बोलल्या नाहीत. फोन उचलला की तो आपोआप मोठ्याने बोलेल अशी सोय करून ठेवलेली होती, त्यामुळे पलीकडची बारीक सळसळ खोलीभर ऐकू येत होती. काकूंनी पट्टी पुढच्या भोकात घातली. एक. त्याच्या शेजारच्या भोकात. दोन. तिसऱ्या भोकातून टोक वर आलं तरी कोणी बोललं नाही, तेव्हा त्यांनी पेरानेच फोन बंद केला आणि दातातली खुंटी काढून जागेवर बसवली. तोवर पट्टी सैल पडली होती. तीन भोकं उलटी काढून पुन्हा घालावी लागली.

"कोण होतं?" मास्तरांनी आतून विचारलं.

"कोणी नाही."

वेताचं काम एका दमात करायचं असतं. पट्ट्या पाण्यात भिजवून मऊ करायच्या, ओल्या असतानाच ताणायच्या, आणि त्या वाळून ताठ व्हायच्या आत ओळ पुरी करायची. मध्ये हात सुटला की ती ओळ कायमची ढिली राहते आणि बसणाऱ्याला महिनाभरात कळते. हे काम काकूंना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. वडिलांच्या वेळी दुकानात फोनच नव्हता. आता दिवसाला दहा-बारा वेळा तरी तो वाजे, आणि त्यातले जेमतेम दोन फोन खुर्चीचे असत.

बाकीचे कसले असत हे सांगायला नको. सकाळी नऊला विमा, दहाला कर्ज, साडेदहाला कोणीतरी अभिनंदन करायचं आणि बक्षीस घ्यायला कुठलंसं बटण दाबायला सांगायचं. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली होती. सुरुवातीला मास्तर त्यांच्याशी अदबीने बोलत. एकदा तर ते एका बाईशी चांगली दोन मिनिटं बोलले. आम्हाला प्लॉट नको, का नको, आमचं वय काय, सगळं समजावून सांगितलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पलीकडे ध्वनिमुद्रण चालू आहे. समोरचं काही ऐकून न घेता बोलत राहिली तेव्हा मला वाटलं तुझी आत्याच आहे, असं त्यांनी काकूंना सांगितलं. त्या दिवशी काकू हसल्या होत्या. हल्ली त्यांना हसूही येत नसे, आणि रागही येत नसे. दुपारनंतर नुसता कंटाळा यायचा, खांद्यापासून मनगटापर्यंत भरलेला.

काकूंचे यजमान मास्तर खरं तर कधीच मास्तर नव्हते. पोस्टात बत्तीस वर्षं पत्रांची वर्गवारी करणारे कारकून होते. निवृत्त झाल्यावर गल्लीने त्यांना परस्पर बढती दिली. त्यांनी यावर सरळ उपाय सुचवला होता. अनोळखी नंबर फोनमध्ये शिरूच नयेत अशी व्यवस्था करता येते, दोन मिनिटांचं काम आहे. गिऱ्हाइकांना दुकानाच्या पाटीवर माझा नंबर देऊ, म्हणाले.

काकू नाही म्हणाल्या. का, ते मास्तरांना माहीत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

काकूंची धाकटी बहीण चार वर्षं त्यांच्याशी बोलली नव्हती. वडील शेवटची दोन वर्षं काकूंकडे होते. ते गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीच्या मुलीचा शाळेचा शेवटचा पेपर होता. धाकटीचं गाव एका रात्रीच्या प्रवासावर. आत्ता कळवलं तर पोरीचा पेपर जाईल, वर्ष जाईल, असा विचार काकूंनी केला, आणि पेपर संपायच्या वेळेला फोन केला. धाकटी पोचली तोवर सगळं उरकलं होतं. ती दारातच उभी राहिली. आरडाओरडा केला नाही. इतकंच म्हणाली, "एक फोन करायला तुझे हात काय बांधले होते?" मग वडिलांची वेताची खुर्ची तेवढी गाडीत घालून घेऊन गेली. पुढे तिने नंबर बदलला, मग गावही बदललं.

काकूंनी चुलतभावाकडे नवा नंबर मागून पाहिला. देऊ नको म्हणालीय, तो म्हणाला. मग निदान तिला एवढा निरोप दे, काकू म्हणाल्या, की माझा नंबर तोच आहे.

म्हणून तो नंबर बदलायचा नव्हता, आणि अनोळखी फोन बंदही करायचे नव्हते. काकूंचा हेतू वाईट नव्हता आणि तरीही चूक त्यांचीच होती. ह्या दोन गोष्टी एकदमच खऱ्या आहेत हे चार वर्षांत त्यांना अंगवळणी पडलं होतं. रोजच्या दहा फोनांतला एखादा तिचा असेल, या एका आशेवर त्या बाकीचे नऊ सहन करत.

मग मास्तरांनी मधला मार्ग काढला. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की आपण 'हॅलो' म्हटलं की यंत्राला कळतं, इथे जिवंत माणूस आहे, आणि मग तो नंबर पुढे दहा जणांकडे जातो. शिवाय हल्ली म्हणे आवाजही चोरतात. तेव्हा फोन उचलायचा, पण आपण होऊन बोलायचं नाही. यंत्र असेल तर थोडा वेळ शांत राहतं, मग टक् असा आवाज येतो आणि कोणीतरी वाचून दाखवायला लागतं. खरं माणूस असेल तर गप्प बसतच नाही.

"ज्याला काम असतं तो बोलतो," मास्तर म्हणाले.

काकूंना ते पटलं. त्यांनी त्याला आपलं मापही लावलं. तीन भोकं होईपर्यंत वाट पाहायची, मग ठेवायचा. त्याने फोन कमी झाले की नाही कोण जाणे, पण काकूंचा गळा तरी वाचला. खुर्चीवाली गिऱ्हाइकं खरोखरच पहिल्या भोकालाच बोलायला लागत, कधीकधी त्याच्याही आधी.

संध्याकाळी चहा घेताना काकूंनी विषय काढला. असा मुका फोन या आठवड्यातला तिसरा. दर वेळी चारच्या सुमाराला येतो. टक् होत नाही, कोणी बोलत नाही, नुसती सळसळ.

मास्तरांनी बशीत चहा ओतला. मोठ्या हॉलमध्ये पन्नास माणसं बसवलेली असतात, म्हणाले, त्यांच्या डोक्यावर पंखे असतात, त्यांचा आवाज येत असणार. आणि टक् होत नसेल तर यंत्र नवीन असेल. काकूंनी मान हलवली. खरं तर त्यांना काही विचारायचं नव्हतंच. दिवसभरात एवढी एकच गोष्ट घडली होती, म्हणून सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नव्या पट्ट्या भिजत घालत होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत. फोन वाजला, त्यांनी ओल्या पेराने उचलला आणि पाण्यातच बोटांवर मोजायला सुरुवात केली. एकसुद्धा म्हणून झालं नव्हतं.

"मावशी, ठेवू नकोस."

आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. चार वर्षांपूर्वी तो शाळकरी मुलीचा होता.

"बोल," काकू म्हणाल्या. हात पाण्यातच राहिले.

भाचीने घाईघाईने, कोणी अडवेल म्हणून बोलावं तसं सगळं सांगून टाकलं. आजोबांच्या खुर्चीची बैठक मागच्या महिन्यात फाटली. बाबा म्हणाले टाकून देऊ, आई नाही म्हणाली. त्यांच्या गावात खुर्च्या विणणारा एक आहे, त्याच्याकडेही देऊ दिली नाही. हिचं काम एकाच माणसाचं आहे, म्हणाली. मग एक दिवस चुलतमामाकडून नंबर तोच असल्याची खात्री करून घेतली. भाची रोज चारला शिकवणीला जाते. ती गेली की आई स्वयंपाकघरात जाऊन फोन लावते. परवा शिकवणी नव्हती, म्हणून भाचीला कळलं.

"शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवते," भाची म्हणाली. "मी दाराशी उभी होते. तू उचललास. ती बोलायला तोंड उघडते आणि तिच्याच्याने बोलवत नाही. तू एक शब्द न बोलता ठेवलास. कालसुद्धा तसंच, आईनेच सांगितलं. तीनदा झालं, मावशी."

काकूंनी बादलीकडे पाहिलं. पाण्याचा आवाज त्यांना आयुष्यभर ओळखीचा होता. रोज सकाळी त्या स्वतः नळाखाली बादली लावत.

"अगं, मला वाटलं ते यंत्र आहे," त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनाच ते खोटं वाटलं.

"आई म्हणते, तिने मला ओळखलं असणार. म्हणते, लहानपणी दोघी एका पांघरुणात झोपायचो, ताई मला अंधारात श्वासावरून ओळखायची. आता तिला बोलायचं नाहीये, माझं मला मिळालं." भाची थांबली. "माझ्या पेपरवरून झालं ना सगळं. आणि त्या पेपरात मला काही फार मार्कही पडले नव्हते."



यंत्राचं कारण आईला सांगितलं तर तिला पटेल का, असं काकूंनी विचारलं. मी सांगून नाही पटणार, भाची म्हणाली. तूच सांग. ती आत्ता घरीच आहे. एवढं बोलून तिने फोन ठेवला, आणि आईचा नंबर द्यायचा राहूनच गेला.

मास्तर दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. फोन मोठ्यानेच बोलत होता. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला.

"तीन पत्रं आली," ते म्हणाले. "पत्ता बरोबर होता. आणि आपण तिन्ही 'घेण्यास नकार' म्हणून परत पाठवली."

नियम मास्तरांचा होता, पण बोट काकूंचं होतं. आणि सळसळ ऐकून आपण मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. सगळ्या अनोळखी फोनांना आपण चार वर्षं जागा ठेवली ती हिच्यासाठी, आणि ही आली तेव्हा आपण इतकं दमलेलो होतो.

मास्तरांनी फोन पिशवीतून काढला आणि खुर्चीवर बसले. आठवड्याभराचे अनोळखी नंबर साठाच्या आसपास होते. त्यांनी बोट लावून एकेक वाचला, ओठ हलवत, पूर्वी पत्रांच्या ढिगासमोर बसत तसे. विमा, कर्ज, हा गिऱ्हाईक, हा पुन्हा विमा. जेमतेम दोन मिनिटांत एका नंबरावर त्यांचं बोट थांबलं. तीन वेळा आलेला, तिन्ही वेळा चारच्या पुढेमागे. त्यांनी तो लावला आणि फोन स्टुलावर ठेवला. मग काकूंसाठी टॉवेल आणला.

काकूंनी हात पुसले नाहीत. घंटा वाजत होती. पाच वेळा वाजली, सहाव्या वेळी कोणीतरी उचलला.

पलीकडून कोणी बोललं नाही. तीच बारीक सळसळ. काकूंच्या हातात पट्टी नव्हती, तरी बोटं आपली सवयीने चालली. एक. दोन. मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. तीन.

"मुंगे," काकू म्हणाल्या.

साखरेचा डबा कुठेही लपवला तरी शोधून काढायची, म्हणून लहानपणी ठेवलेलं नाव. वडील गेल्यापासून ते कोणाच्या तोंडी आलं नव्हतं.

"मुंगे, मी आहे गं. फोन करायला हवा होता मी तेव्हा, त्याच दुपारी. आणि परवा, तेरवा, काल, तू केलास तेव्हा बोलायला हवं होतं. दोन्ही वेळा चुकले." त्यांना आणखी बरंच सांगायचं होतं, यंत्राचं, तीन भोकांचं, पण ते सगळं मागे पडलं. "खुर्ची घेऊन ये. नाहीतर मी येते."

फोन चालू होता. पाणी वाहतच होतं. काकूंनी मोजणं सोडून दिलं होतं.

मग पलीकडे कोणीतरी नळ बंद केला.