दादा येऊन गेले

स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या पंपावर टेकवून कानवाल्यांनी लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. शेजारी बागेच्या मालकीण सिस्टर उभ्या होत्या. पूर्वी अशा वेळी त्या श्वास रोखून थांबायच्या आणि मग हळूच, काय म्हणतोय पंप, असं विचारायच्या. आज मात्र त्या पायाने वाळकी पानं बाजूला सारत राहिल्या.

पंप काहीतरी म्हणत असणारच. मोटर फिरत होती, हे हाताला कळत होतं; फक्त पाणी वर येत नव्हतं. पण त्याचं म्हणणं कानवाल्यांपर्यंत पोचत नव्हतं. गेली चारेक वर्षं कुठल्याच पंपाचं पोचत नव्हतं. तरी त्यांनी सवयीने मान डोलावली आणि बेअरिंग ठणठणीत आहे, असं ठोकून दिलं.

घरोघरच्या बागांचे पंप दुरुस्त करणारे मिस्त्री पुष्कळ होते, पण मूठ कानाला लावून आतलं दुखणं सांगणारे हे एकटेच. म्हणून ते कानवाले. खरं नाव लोक विसरून गेले होते आणि त्यांनाही त्याची फारशी गरज पडत नव्हती. स्क्रू ड्रायव्हर वडिलांचा, धंदाही वडिलांचाच. दोघे भाऊ मिळून तो चालवत. अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने एक सांधा ढिला ठेवला, पंप कोरडा फिरला आणि मोटर जळाली. तुझ्या हाताला गुण नाही, असं कानवाल्यांनी त्याला गिऱ्हाइकासमोर सुनावलं. धाकटा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. त्याने आपलं वेगळं दुकान टाकलं. तेव्हापासून तो समोरून आला की कानवाले रस्ता ओलांडत.

पंप बंद करून ते शेजारच्या जमिनीतल्या पाण्याच्या टाकीशी वाकले. पाइपच्या तळाच्या टोकाला एक व्हॉल्व्ह असतो. वर चढलेलं पाणी तो परत खाली जाऊ देत नाही. तो गेल्या महिन्यात त्यांनीच बसवला होता. बिघाड असलाच तर तिथेच, असं म्हणत त्यांनी पाइप वर ओढला, आणि तसाच हातात धरून बसले.

व्हॉल्व्ह त्यांचा नव्हता. ते सांध्याला पांढरी टेप लावत. इथे सफेद्याचा पांढरा लेप लावून सुताचा दोरा गुंडाळला होता, एकाला एक लागून, आणि शेवटी बारीकशी गाठ मारली होती. त्या गाठीची काहीएक गरज नसते. वडील त्यावरून धाकट्याची नेहमी थट्टा करायचे, पार्सल पाठवतोयस का म्हणून. ती खोड त्याने आयुष्यभर सोडली नव्हती.

"सिस्टर, हे कुणी केलं?"

सिस्टर निवृत्त होईपर्यंत इस्पितळात नर्स होत्या. लोकांना याहून वाईट बातम्या त्यांनी दिल्या होत्या. त्या कानवाल्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसल्या, कारण त्या कानाला थोडंफार ऐकू येतं हे त्यांना केव्हाच कळलं होतं.

"तुमच्या भावाने. तीन वर्षं झाली. तुम्ही जाता आणि दुसऱ्या दिवशी तो येतो."

"मग मला कशाला बोलावता? सरळ त्यालाच बोलवायचं."

"बोलावलं होतं. येईना. म्हणाला, आधी दादाला बोलवा. दादा येऊन गेले की मला कळवा. दादाला डावलून मी पंपाला हात लावणार नाही." जरा थांबून त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "गल्लीत सगळ्यांना त्याने हेच सांगितलंय. शाळेच्या बागेतसुद्धा."

कानवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण राग काढायचा कुणावर हे त्यांना कळेना. तीन वर्षांत एकाही घरातून तक्रार नाही, असं ते बायकोला जेवताना सांगत. ती मुकाट्याने वाढत राही. तिलाही ठाऊक असेल का, हा विचार आला आणि त्यांना फार लाज वाटली. धाकट्याने गिऱ्हाइकं पळवली असती, तर त्याला मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्याने ती भीक घातल्यासारखी परत पाठवली होती. आणि लोक कानवाल्यांना बोलवत होते, ते दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसावेत तसे, एकदा पुसले की आत जायला मोकळे.

"साबण आहे का?" त्यांनी विचारलं.

साबणाचा फेस लावून गळती शोधायची ही धाकट्याची रीत. कान शाबूत असताना हा धोब्याचा उद्योग कशाला, असं कानवाले त्याला हिणवायचे. आज त्यांनी व्हॉल्व्ह होता तसा परत सोडला, पंपात पाणी भरलं, मोटर चालू केली आणि एकेका सांध्याला फेस फासला. सगळीकडे तो होता तसा राहिला. पंपाच्या तोंडाशी, पाइप जिथे वळतो तिथे मात्र आत ओढला गेला. तिथून हवा आत शिरत होती, म्हणून पाणी वर चढत नव्हतं.

सांधा उघडला. पांढरी टेप निघाली, त्यांचीच, आणि तीही उलट्या अंगाने गुंडाळलेली. नवशिक्याने अशी गुंडाळली असती तर त्यांनी हातावर पाना मारला असता.

त्यांनी आटे घासून साफ केले. या वेळी घाई केली नाही. टेप सुलट गुंडाळली, सांधा आवळला, पुन्हा फेस लावून पाहिला. मग पाणी आलं. बागेतले तिन्ही फवारे डगमगले आणि गरागरा फिरायला लागले. पाच दिवस तहानलेल्या वाफ्यांवर पाणी पडू लागलं. कानवाल्यांनी पंपावर तळवा ठेवला. थरथर एकसारखी होती, कुठे अडखळत नव्हती. कितीतरी दिवसांनी त्यांना आपल्या हाताबद्दल बरं वाटलं.

"झालं," ते म्हणाले. "आता उद्या कुणाला बोलवायला नको."

"नाही हो, आता कशाला," सिस्टर म्हणाल्या, आणि हात पुसायला टॉवेल आणते म्हणून आत गेल्या.

स्वयंपाकघराची खिडकी बागेकडे होती. तिथे त्या कानाला फोन लावून, पाठमोऱ्या उभ्या राहायच्या ऐवजी बेसावधपणे तोंड इकडे करून उभ्या होत्या. ऐकू येत नाहीसं झाल्यापासून कानवाल्यांना ओठ वाचायची सवय लागली होती. ती लपवून ठेवण्यातच त्यांची निम्मी हुशारी खर्च होई. त्यातून हे तीन शब्द अगदी सोपे होते.

दादा येऊन गेले.

टॉवेलसाठी ते थांबले नाहीत. हत्यारं पिशवीत भरली. वडिलांचा स्क्रू ड्रायव्हर तेवढा पंपाच्या कट्ट्यावर ठेवला, उद्या येणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसेल असा, आणि चालू लागले. फाटकापर्यंत गेले. कडी काढली.

मग ते परत आले. फवाऱ्याखालून यावं लागलं, सदरा पाठीवर भिजला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलून पिशवीत खोल खुपसला. हा काही मी त्याला द्यायचा नाही, असं ते मनातल्या मनात म्हणाले. निदान त्यांना तसं वाटलं. पण ते मोठ्यानेच बोलले असावेत, कारण कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी बाई थांबली होती आणि वळून त्यांच्याकडे बघत होती.