कलम अकरावर सूचना

"शिक्का नीट उठला नाही," असं म्हणून उत्तरेश्वर बारबोले यांनी स्पीड पोस्टची पावती खिडकीतून परत आत सरकवली.

खिडकीमागच्या बाईंनी ती चष्म्यावरून बघितली. "तारीख दिसतेय की."

"दिसतेय, पण पुसट आहे. उद्या कुणी म्हणालं, ही सतरा नाही, एकोणीस आहे, तर?"

"अहो, पाकिटात आहे काय? मृत्युपत्र?"

"कायद्याच्या मसुद्यावरची सूचना आहे. दिल्लीला जायचीय. आज शेवटची तारीख."

"म्हणजे महिनाभर घरात ठेवून आज आणलीत," बाई म्हणाल्या. "आणि शिक्का मात्र आमचा पुसट." तरी त्यांनी शिक्का शाईत दोनदा दाबला आणि असा हाणला की शेजारच्या खिडकीवरचा माणूस दचकला. उत्तरेश्वरांनी पावती उजेडात धरली. सतरा. स्वच्छ सतरा. त्यांनी बाईंचे मनापासून आभार मानले, पावती पाकिटात घातली आणि बिबवेवाडीच्या घराकडे जाताना पाव किलो जिलबी घेतली.

शनिवार होता, मार्केट यार्डाला सुट्टी. एरवी या वेळी ते बापूरावांच्या पेढीत टेबलाशी वाकलेले असत. बापूरावांची पेढी डाळिंबं आणि द्राक्षं परदेशी पाठवते, आणि तिथले कागद गेली तेहेतीस वर्षं उत्तरेश्वर करतात. शेतकरी डाळिंब पिकवतो, हमाल पेटी उचलतो, जहाज ती घेऊन जातं. पण कागद चुकला, तर तेच डाळिंब रॉटरडॅमच्या बंदरात बसून सडतं. बँकेत एक माणूस केवळ कागद एकमेकांशी जुळतात का हे बघायला बसलेला असतो. त्याला एक शब्द कमी चालत नाही, तसा एक जास्तही चालत नाही. त्यामुळे 'लागतं तेवढंच लिहायचं' हे उत्तरेश्वरांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की बायकोला वाणसामानाची यादी लिहून देतानाही ते शेवटच्या ओळीखाली रेघ मारत, म्हणजे पुढे कुणी काही घुसडायला नको.

येत्या मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार, हा खरा प्रश्न होता. उत्तरेश्वरांच्या मते त्याला एकच उत्तर होतं आणि ते त्यांच्याच टेबलापलीकडे बसत होतं. श्रद्धा फुरसुंगीची. बारावी झाली, लग्न झालं, आणि पेढीत डाळिंबं निवडायला लागली. एकदा उत्तरेश्वर तापानं घरी पडले असताना तिनं नुसतं कुतूहल म्हणून कागद चाळले आणि पिकाला कीड नसल्याच्या सरकारी दाखल्यावर भलत्याच कंटेनरचा नंबर पडलाय हे पकडलं. गाडी बंदराच्या वाटेला लागली होती, ती लोणावळ्यात थांबवली. दुसऱ्या दिवशीपासून उत्तरेश्वरांनी तिला शेजारी बसवलं. सहा वर्षांत तिला इतकं येऊ लागलं की अधूनमधून ती त्यांच्याच चुका काढायची, आणि त्याचा त्यांना फार आनंद व्हायचा.

बापूराव माणूस वाईट नव्हते. पण तिकडचे मोठे खरेदीदार आता विचारायचे, तुमच्याकडे कागद बघणारा माणूस शिकलेला आहे का? "तिनं कुठल्या तरी संस्थेचा दाखला आणावा, खुर्ची तिची," असं बापूरावांनी सांगून टाकलं होतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात त्यांनी व्हॉट्सअॅपवर एक नोटीस पुढे पाठवली. राष्ट्रीय विदेश व्यापार संस्थेसाठी कायदा होणार, ठिकठिकाणी तिच्या शाखा निघणार, पुण्याचंही नाव यादीत. मसुदा वाचून जनतेनं सूचना कराव्यात, कोणत्याही भारतीय भाषेत चालतील.

उत्तरेश्वरांनी अडतीस पानांचा मसुदा छापून आणला आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. कायदा करणाऱ्यांनी बँकेत कधी कागद दाखल केले नसावेत, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. कलम सहामध्ये नियामक मंडळाचे पंधरा सदस्य म्हटले होते, आणि मागे जोडलेल्या यादीत मोजून चौदा. हे सापडलं तेव्हा त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की श्रद्धाचा चहा हिंदकळला.

"काय झालं काका?"

"पंधरा म्हणतात आणि चौदाच देतात! दारात उभं करणार नाही कुणी यांना."

"आन् आमच्यासारख्यांचं काय हाय त्यात?"

त्यांनी पानं उलटली. कलम अकरा. संस्थेच्या कोणत्याही अभ्यासक्रमाला प्रवेशासाठी पदवी आवश्यक. कोणत्याही, म्हणजे अगदी संध्याकाळच्या सहा महिन्यांच्याही. त्यांनी ते वाचून दाखवलं.

"मग ऱ्हाऊ द्या," श्रद्धा म्हणाली आणि पुढचा कागद ओढून कामाला लागली. ती चिडली असती तर बरं, असं उत्तरेश्वरांना वाटलं. तिचं ते लगेच 'ऱ्हाऊ द्या' म्हणणं त्यांना सहन झालं नाही. महिनाभर ते रोज संध्याकाळी लिहीत बसले. सात पानं झाली. आज ती पोस्टात पडली, तारखेच्या आत, स्वच्छ शिक्क्यानिशी.

घरी येऊन ते जेवले, दोन जिलब्या जास्त खाल्ल्या, आणि पुण्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला शोभेलशी दुपारची झोप घेतली. चार वाजता उठले तेव्हा बायको मुक्ता चहा टाकत होती आणि मुलगी स्पृहा मोबाइल घेऊन टेबलाशी बसली होती. स्पृहा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होती, शनिवार-रविवार घरी.

"बाबा, ते तुमचं सबमिट केलंत ना?"

"दुपारीच. शिक्का बघ." त्यांनी पावती तिच्यासमोर ठेवली.

स्पृहानं पावती पाहिली, मग मोबाइल पाहिला. "पण हे पोहोचणार कधी?"

"मंगळवार, बुधवार. ते टपालाचं काम. तारीख आपली सतराची आहे."

"बाबा, इथे म्हटलंय, सूचना सतरा तारखेला साडेपाचपर्यंत *पोहोचल्या* पाहिजेत. रिसीव्ह व्हायला पाहिजेत."

उत्तरेश्वरांना आधी ते कळेचना. तेहेतीस वर्षं त्यांच्या जगात एकच तारीख खरी होती, माल जहाजावर चढल्याची. तो कागद हातात आला की प्रश्न मिटला. पुढे वादळ येवो, जहाज महिनाभर उशिरा पोहोचो, विकणाऱ्यानं शब्द पाळलेला असतो. मसुद्याची अडतीस पानं त्यांनी लाल पेन्सिलीनं चाळून काढली होती, आणि नोटिशीतली ती एक ओळ मात्र आपल्या सवयीनं वाचून मोकळे झाले होते.

"चुकलं," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून घरात कुणी फारसा ऐकला नव्हता. मुक्तानं गॅस बारीक केला.

"अहो, एवढं तोंड पाडू नका. मेल-बिल नाही का करता येत?"

"वेबसाइटवर फॉर्म आहे," स्पृहा म्हणाली. तिनं लॅपटॉप उघडला होता. "पण एका मोबाइल नंबरवर एकच सूचना, एकाच कलमावर. आणि दोनशे शब्द."

"माझी सात पानं आहेत."

"मग कापायला लागेल. कच्चा कागद आहे ना?"

कच्चा कागद होताच. उत्तरेश्वरांनी प्रत न ठेवता आयुष्यात काही पाठवलं नव्हतं. साडेचार वाजले होते. स्पृहा टाइप करायला बसली. नाव. व्यवसाय: निर्यात कागदपत्रं. शैक्षणिक पात्रता विचारली तेव्हा तिथे पदवी, पदव्युत्तर, पीएचडी असं निवडायला होतं आणि सर्वांत खाली 'इतर'. तिनं 'इतर' निवडलं. कलम क्रमांक विचारला, तेव्हा उत्तरेश्वर क्षणभर थांबले. पंधरा आणि चौदा त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं. तसली चूक सापडणं हे त्यांच्या धंद्यात नशीब असतं.

"अकरा," ते म्हणाले.

मग पानं पडत गेली. मंडळ गेलं, शाखा गेल्या, बंदरावर प्रत्यक्ष शिकवावं हा तिसऱ्या पानावरचा मुद्दा गेला. तो लिहायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या होत्या. पाच वाजता उरलं ते श्रद्धाचं: तिचं नाव न घेता तिनं पकडलेली चूक, तिची सहा वर्षं, आणि प्रत्यक्ष काम केलेल्यांसाठी संध्याकाळच्या अभ्यासक्रमाला पदवीची अट नको, ही मागणी.

"दोनशे छत्तीस," स्पृहा म्हणाली. "शेवटचं पान धरून. हे काय आहे?" आणि तिनं ते मोठ्यानं वाचलं. "'जून एक्क्याण्णवमध्ये मी स्वतः अशाच एका अभ्यासक्रमाच्या रांगेत उभा होतो. वडील वारल्यामुळे माझं दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सुटलं होतं. खिडकीवरच्या माणसानं अर्ज न वाचताच परत दिला. त्यानंतर मी बंदरातून परत आलेले चुकीचे कागद घरी आणून त्यांवरून शिकलो.'"

मुक्ता चहाचे कप घेऊन तिथेच उभी राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली होती; तिला हे ठाऊक नव्हतं.

"हे कधी बोलला नाहीत," स्पृहा म्हणाली.

"त्यात बोलायचं काय? ते आत घेतलंयस?"

"घेतलंय."

"छत्तीस शब्द जास्त आहेत ना? तेच काढ."

"बाबा, यातलं बेस्ट हेच आहे! दुसरं काढू या."

"दुसरं श्रद्धाचं आहे. तिचं एक अक्षर हलवायचं नाही. माझं आता काय, मी मार्चमध्ये घरी बसणार." ते अजिबात चिडून बोलत नव्हते. "लागतं तेवढंच लिहायचं, स्पृहा. काढ ते."

तिनं काढलं. बरोबर दोनशे उरले. पाच वाजून सोळा मिनिटांनी सूचना गेली आणि पोचक्रमांक आला. उत्तरेश्वरांनी तो कागदावर उतरवून घेतला, दोनदा ताडून पाहिला, आणि श्रद्धाला फोन लावला.

"पोहोचलं बघ. तुझं पोहोचलं."

"काका, सुट्टीच्या दिशी कशाला येवढा ताप घेताय?" पलीकडून श्रद्धा म्हणाली. मग म्हणाली, "खरंच मिळंल का हो प्रवेश?"

"ते दिल्लीचं काम. आपल्या बाजूनं कागद साफ आहे."

फोन ठेवून वळले तो स्पृहा अजून टाइप करतच होती. त्यांनी मागे जाऊन चष्मा लावला. तोच फॉर्म, पण नाव होतं स्पृहा उत्तरेश्वर बारबोले, नंबर तिचा. पात्रता: पदव्युत्तर. कलम: अकरा. खाली लिहिलं होतं, 'माझ्या बाबांना जून ब्याण्णवमध्ये अशाच एका अभ्यासक्रमाच्या खिडकीवरून परत पाठवलं. त्यांचा अर्जही कुणी वाचला नाही. पुढे तेहेतीस वर्षं त्यांचा एकही कंटेनर कागदासाठी अडला नाही. त्यांच्यासारख्यांना आत घ्या.'

पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. उत्तरेश्वरांनी सगळं वाचून काढलं. स्पृहाला वाटलं, आता ते हेही काढायला सांगणार, आणि तिनं नाही म्हणायची तयारी केली.

"ब्याण्णव नाही, एक्क्याण्णव," ते म्हणाले.

तिनं ते बदललं.

"आणि एक कंटेनर अडला होता. अठ्ठ्याण्णवमध्ये, चार दिवस. 'एकही' खोटं होईल."

"'एकच अडला' लिहू?"

"एकच लिही." ते पहिल्या ओळीकडे वळले. "आणि बाबांना नको. वडिलांना लिही. सरकारी कागद आहे."

स्पृहानं 'वडिलांना' केलं. मुक्ता डोळ्याला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेली. उत्तरेश्वर मुलीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकले, आणि पाठवायला तीन मिनिटं उरली असताना, स्वतःविषयीची ती चार वाक्यं त्यांनी बोट लावून पहिल्या शब्दापासून पुन्हा तपासली.