शुक्रवारची ताटली

मित्रांनो, मी एक ताटली आहे. पांढरी, जाड, हिरव्या किनारीची आणि काठाला एका जागी टवका उडालेली. नाजूक म्हणून मला कोणी कधी मिरवलं नाही. पाहुणे आले म्हणून कपाटातून काढावी अशी माझी जातच नाही. पण मी जे पाहिलं ते त्या कपाटातल्या नटव्यांनी पाहिलं असतं, तर त्यांना तडे गेले असते.

पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. आधी माती, मग साचा, मग भट्टी. भट्टीत काय वाटतं ते विचारू नका. बाहेर आले तेव्हा अंगावर झिलई होती आणि पाठीवर शिक्का. मग खोक्यात बसून मी जर्सी सिटीला आले, डाउनटाउनमधल्या एका छोट्या खानावळीत. तिथे गोदीवरची माणसं पहाटे अंडी आणि बटाटे मागवायची, वर केचप ओतायची आणि जेवण झालं की त्यातच सिगरेट विझवायची. हो, माझ्या अंगावर. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलणार नाही.

पुढे मालक थकला आणि त्याने भांड्यांसकट दुकान विकलं. घेणारी बाई फिलिपिन्सहून आलेली होती. तिचं नाव रेमी. ठेंगणी, दणकट आणि आवाज असा की रस्त्यापलीकडे ऐकू जावा. सगळे तिला तीता रेमी म्हणत. तीता म्हणजे मावशी. तिने मला खसाखसा घासलं, दिव्यापाशी धरून पाहिलं आणि म्हणाली, "ही टिकेल." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. खोटं कशाला बोलू, मी सुखावले.

रेमीच्या खानावळीत मेन्यूकार्ड नव्हतं. काचेमागे वाफाळते पदार्थ मांडलेले असत. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं, रेमीने ताटलीत वाढायचं. व्हिनेगर आणि सोया सॉस घालून शिजवलेली कोंबडी, चिंचेचं आंबट सार, तांदळाच्या शेवया, लसूण घालून परतलेला भात. जवळच्या हॉस्पिटलातल्या फिलिपिनो नर्स ड्युटी संपली की थकून यायच्या, पहिला घास घ्यायच्या आणि एखादी रडायलाच लागायची. रेमी तिला काही विचारत नसे. आणखी एक डाव भात वाढायची.

शुक्रवारी मुगाची आमटी असे. शुक्रवारी मांस टाळायचं अशी तिच्या माणसांची जुनी रीत होती. त्या आमटीनेच आमच्या दारात एक मराठी घर आणलं.

पद्मिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. जोसी नावाची नर्स एका शुक्रवारी तिला घेऊन आली. पद्मिनीने काचेवर बोट ठेवून विचारलं, "हे मूग ना?"

"मूग, लसूण, टोमॅटो, पाला," रेमी म्हणाली. "आणि कोळंबी."

पद्मिनीचा चेहरा पडला. "मग मला नुसता भात द्या. आम्ही व्हेजिटेरियन आहोत."

तिने कोरडा भात खाल्ला. आपल्या दुकानात कोणी कोरडा भात खातंय हे रेमीला फार लागलं. निघताना तिने हुकूम सोडला, "पुढच्या शुक्रवारी यायचं. नवऱ्याला, पोरांना घेऊन यायचं."

पुढच्या शुक्रवारी तिने कोळंबी पडायच्या आधीच एक पातेलं बाजूला काढलं होतं. पद्मिनी आली, तिचा नवरा प्रताप आला, सात-आठ वर्षांची सीमा आली. प्रताप मॅनहॅटनमध्ये कॉम्प्युटरवर काम करायचा. रेमीने त्याच्यापुढे सर्वांत मोठी ताटली ठेवली, म्हणजे मला. त्याने बोटांनी आमटी-भात कालवला, घास घेतला आणि डोळे मिटले.

"पद्मा, आईशपथ, ही तर आपल्या घरची आमटी आहे यार!"

रेमी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, हात बरबटले म्हणून ओरडणार. ती हसून म्हणाली, "आम्हीही घरी हातानेच खातो. तुम्ही इथे खाल्लंत, बरं वाटलं."

त्या दिवसापासून मी प्रतापची ताटली झाले. टवक्यावरून रेमी मला बरोबर ओळखायची आणि त्याच्यापुढेच ठेवायची. मित्रांनो, ताटलीला आपलं माणूस नसतं. आज हा, उद्या तो. पण शुक्रवारी मला माणूस होता. तो शेवटचं शीत निपटून खायचा आणि मला जवळजवळ धुऊनच परत द्यायचा. माझी सगळी वर्षं एका पारड्यात घाला आणि ते शुक्रवार दुसऱ्यात, मी शुक्रवार घेईन.

रेमीनेच सीमाला ती रीत शिकवली. जेवणाच्या मध्येच कोणाला उठून जावं लागलं, तर मागे राहिलेल्यांनी टेबलावरच्या ताटल्या जागच्या जागी एकदा गोल फिरवायच्या. म्हणजे जाणारा सुखरूप परततो. सीमाला त्याची भारी मजा वाटली. कोणी नर्स घाईने उठली की ही टेबलावरच्या सगळ्या ताटल्या फिरवून मोकळी. पद्मिनीला ते अजिबात पटायचं नाही. तिच्या घरची शिस्त वेगळी होती. अन्नाशी खेळायचं नाही आणि भरल्या ताटावरून उठायचं नाही. "सीमा, हात मागे घे," असं ती दर वेळी म्हणायची. प्रताप हसायचा आणि पोरीला हळूच डोळा मारायचा.

मग सत्त्याऐंशी साल आलं. त्या वर्षी शहरातल्या काही टवाळ पोरांना भारतीय माणसांना छळायचं वेड लागलं होतं. कोणावर अंडी फेक, कोणाच्या खिडकीची काच फोड, बाईच्या कपाळावरचं कुंकू पाहून घाण बोल. पद्मिनी घराबाहेर पडताना कुंकू पुसायला लागली. टेबलावर बसल्यावर पर्समधून टिकलीचं पाकीट काढायची, लावायची आणि निघताना पुन्हा काढायची. प्रताप म्हणायचा, "डोंट वरी गं. आपण कोणाचं काय केलंय?" जणू काही केल्यावरच मार बसतो.

थंडी सुरू झाली होती. एका शुक्रवारी संध्याकाळी ते तिघं नेहमीच्या टेबलावर बसले होते. प्रतापचे श्रीरंगकाका नागपूरहून आले होते. दिवसभर न्यूयॉर्क पाहून ते ट्रेनने परतणार होते आणि थेट खानावळीत येणार होते. प्रतापने त्यांना इथला नंबर चिठ्ठीवर लिहून दिला होता. माझ्यात भात वाढून झाला, आमटी पडली, चार घास झाले आणि काउंटरवरचा फोन वाजला.

प्रताप बोलून परत आला, तो बसलाच नाही. "काका स्टेशनवर आहेत. बाहेर काही पोरं शाउट करताहेत म्हणे. घाबरलेत. मी घेऊन येतो."

"अरे, ताट तरी संपव."

"आलोच गं. पाच मिनिटं."

उष्टा हात नॅपकिनला पुसून तो गेला. दारावरची घंटी वाजली.

सीमाने लगेच हात पुढे केला आणि मला धरलं. मी पाव फिरलेही होते. तेवढ्यात पद्मिनीने तिच्या हातावर चापट मारली. "किती वेळा सांगायचं? अन्नाशी खेळायचं नाही!" एरवी ती अशी मारायची नाही. तिला भीती वाटत होती आणि ती भीती पोरीच्या हातावर उतरली. सीमाने हात मागे घेतला. पद्मिनीने दुसरी ताटली माझ्यावर पालथी घातली, आमटी गार होऊ नये म्हणून.

त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. बाहेर कुठे तरी आरडाओरडा झाला. काही तरी फुटलं. खानावळीतले चमचे क्षणभर थांबले. सगळ्यांनी ऐकलं होतं. रेमी तेवढी आत उकळत्या तेलापाशी होती, वर पंखा घरघरत होता. पद्मिनीची खुर्ची मागे सरकली आणि पुन्हा पुढे आली. "एक जण उठलाय," ती पुटपुटली. "सगळ्यांनी ताटावरून उठायचं नाही." बाकीच्यांपैकी कोणी तसं म्हणालं नाही, पण उठलंही नाही. चमचे पुन्हा सुरू झाले.

बऱ्याच वेळाने दारावरची घंटी वाजली. "आले बघ बाबा," पद्मिनी म्हणाली.

ते श्रीरंगकाका होते, एकटेच. धापा टाकत त्यांनी विचारलं, "प्रताप कुठाय? मला तर भेटलाच नाही तो. मी मागच्या गल्लीने आलो."

ती पोरं काकांच्या वाटेला गेलीच नव्हती. त्यांना कोपऱ्यावर प्रताप भेटला होता. आमच्या दारापासून तो कोपरा हाकेच्या अंतरावर आहे. खरोखर हाकेच्या. त्याने हाक मारलीही असेल.

प्रताप शुद्धीवर आला नाही. सोमवारी त्याच हॉस्पिटलात त्याने प्राण सोडला, जिथे पद्मिनी खालच्या मजल्यावर लोकांचं रक्त तपासायची. जोसी त्याच्या उशाशी होती. त्या रस्त्यावर राहणाऱ्या सगळ्यांनी सांगितलं की आम्ही काही पाहिलं नाही. पुढे काही पोरं पकडली गेली, काही सुटली. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की माझ्यात त्याचा भात होता, त्यात त्याच्या बोटांच्या खुणा होत्या आणि तो भात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी काढला नाही. शेवटी रेमीने काढला. तिने मला धुतलं आणि वरच्या फळीवर तिच्या बाळ येशूच्या मूर्तीशेजारी ठेवून दिलं.

तिथे मी धूळ खात बसले. लोकांना वाटतं, फळीवर जाणं म्हणजे मान. ताटलीच्या दृष्टीने ती शिक्षाच. वर जेवणाचा वास येतो, कोणाचा हात येत नाही. मला राग यायचा. त्या पोरांचा, त्या रस्त्याचा, आणि खरं सांगते, टेबलावर बसून राहिलेल्या सगळ्यांचा.

पद्मिनी आणि सीमा आल्या त्या हिवाळा संपता संपता. पद्मिनीला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, तिथल्या विद्यापीठात लॅबचं काम मिळालं होतं. शहर सोडण्याआधीचा तो शेवटचा शुक्रवार. सीमा वाळून गेली होती. ती मराठीत एक शब्द बोलत नव्हती. तिने फळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "दॅट वन. बाबाज प्लेट." रेमीने आईकडे पाहिलं. पद्मिनीने मान हलवली. मला खाली काढलं, पुसलं आणि माझ्यात सीमासाठी आमटी-भात वाढला.

त्यांच्या टेबलावर जोसीही बसली होती. अर्ध्या जेवणातच घड्याळ पाहून ती उठली. "ड्युटी," म्हणाली.

सीमाचा चेहरा पांढराफटक पडला. ती दोन्ही हातांनी ताटल्या फिरवायला लागली. मला, आईच्या ताटलीला, जोसीच्या, पुन्हा मला. आमटी टेबलावर सांडली.

"सीमा, बास."

पोरीचे हात जागीच थिजले. "आय वॉज टर्निंग इट, आई," ती म्हणाली. "दॅट डे. यू स्टॉप्ड मी."

खानावळीत सगळं थांबलं. पद्मिनीने माझ्या काठावर हात ठेवला, बरोबर टवक्यापाशी, आणि मला सावकाश पूर्ण फिरवलं.

"हो, मी थांबवलं," ती म्हणाली. "पण ताटलीने बाबा वाचले नसते, बाळा. ज्यांनी मारलं त्यांनी मारलं. तू नाहीस. मी आवाज ऐकला होता. मी उठायला हवं होतं."

आणि मित्रांनो, ती उठली. ताट भरलेलं होतं, एक घाससुद्धा झाला नव्हता. तिने कोट घातला. पर्स उघडली नाही, कपाळावरची टिकली तशीच राहू दिली.

"चल."

"व्हेअर?"

"जोसीमावशीला सोडायला. हॉस्पिटलच्या दारापर्यंत."

"बट युवर फूड..."

"गार होऊ दे."

रेमीने गॅस बंद केला आणि एप्रन सोडला. भिंतीलगतच्या टेबलावरच्या दोन नर्स उठल्या. कोणी काही ठरवलं नव्हतं. घंटी वाजली, सगळ्या गेल्या आणि टेबलांवर नुसत्या भरलेल्या ताटल्या राहिल्या.

घंटी पुन्हा वाजली तेव्हा सीमा आईचा हात धरून होती. माझ्यातल्या आमटीवर साय धरली होती. तिने ती तशीच खाल्ली, सगळी.

निघताना रेमीने मला वर्तमानपत्रात गुंडाळून सीमाच्या हातात दिलं. आता मी स्टेट कॉलेजला त्यांच्या छोट्या अपार्टमेंटच्या कपाटात असते. शुक्रवारी मूग होतात. बाहेर कोणाच्या पावलांचा आवाज आला की सीमा अजून दाराकडे पाहते. ते कधी थांबेल, मला माहीत नाही. कदाचित थांबणार नाही.

अशा गोष्टीच्या शेवटी ताटल्या सांगतात की आम्हाला जपून ठेवा, आपटू नका. मला ते सांगायचं नाही. मी फुटले तर दुसरी मिळेल. तुम्हाला एवढंच सांगते. कोणी मध्येच उठून अंधारात निघालं, तर मला फिरवायचं असेल तर खुशाल फिरवा. पण मग उठा आणि त्याच्याबरोबर जा. बाहेर कोणाचा आवाज आला, तर घास खाली ठेवा आणि दार उघडा. अन्न पुन्हा गरम करता येतं. भरल्या ताटावरून उठलात म्हणून ताटाला राग येत नाही. मी ताट आहे, मला माहीत आहे.