चार नंबरचा टब

नळमामांनी पंचेचाळीस वर्षं एकच काम केलं. जिथं पाणी साचायला नको, तिथून ते काढून दिलं. तुंबलेली मोरी असो की भरून वाहणारं बेसिन, मामा पान्हा घेऊन उकिडवे बसले की पाणी निमूट वाटेला लागायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी शेजाऱ्यांकडे चहा पिताना त्यांचा एक कान आतल्या ठिबकणाऱ्या नळाकडे असे. अशा माणसाच्या गॅलरीत मुद्दाम पाणी साचवलेले सहा टब आणून ठेवणं, ही मामींच्या मते भाचीची पहिली चूक होती.

भाचीचाही नाइलाज होता. टोमॅटोचं रोप पुरात बुडालं की पाणी कसं ओढतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. पहिल्या खेपेला रोपांवर मावा ही कीड पडली. दुसऱ्या खेपेला संस्थेच्या काचघराचं छत गळलं आणि जी बुडवायची नव्हती तीही रोपं बुडाली. आता छताची दुरुस्ती सुरू होती, म्हणून बारा कुंड्या मामांकडे आल्या. सहा साध्या आणि सहा टबात, माती बुडून वर दोन बोटं पाणी राहील अशा. पाण्याची वाफ होऊ नये म्हणून प्रत्येक खोडाभोवती थर्माकोलची, एका बाजूनं चिरलेली घट्ट चकती तरंगत होती. साध्या कुंड्यांचं रोज वजन करून उणं पडलेलं पाणी द्यायचं, टबात खुणेपर्यंत भर घालायची आणि कुठे किती घातलं ते वहीत लिहायचं. प्रशिक्षणासाठी आठ दिवस परगावी निघालेली भाची दारातून परत वळली. "मामा, या वेळी फसलं तर मी हे सोडून देणार आहे. खरंच सांगते." ती हसत नव्हती.

मामांना मोजमापाचं काम मनापासून आवडलं. पेन्सिल कानावर ठेवून ते सकाळी गॅलरीत, मामींच्या शब्दांत 'कामावर', जात. पण दुसऱ्याच दिवशी टबातल्या रोपांनी माना टाकल्या. पानं लुळी पडली, देठ खाली वाकले, जणू आठवडाभर कुणी थेंब दाखवला नव्हता. साधी रोपं दिवसाला दोनशे मिली पाणी पीत होती आणि ही, पाण्यात उभी राहून, जेमतेम साठ.

त्यांनी भाचीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली की असंच व्हायला हवं. मुळांनाही हवा लागते, मातीत पाणी भरलं की हवा निघून जाते, मग मुळं गुदमरतात आणि त्यांना पाणी ओढता येत नाही. मामांना ते लगेच पटलं. विहीर भरलेली, पण पंपाची वीज गेलेली. पटलं म्हणून बघवतं असं मात्र नाही.

चौथ्या दिवशी चार नंबरच्या रोपाचं खालचं पान पिवळं पडलं. मामी बाजारात गेल्या होत्या. मामांचे हात शिवशिवत होते. फक्त अर्धा तास, त्यांनी स्वतःची समजूत घातली, जरा श्वास घेऊ दे बिचाऱ्याला. त्यांनी चकती वर ओढून काढली, नळी टबात सोडली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं आणि पाणी बादलीत उतरलं. जुन्या सवयीचं समाधान अंगभर पसरलं आणि त्याच वेळी त्यांना हातातल्या चकतीच्या कडेला चिकटलेले पांढरे, ओलसर तुकडे दिसले. शेवयांच्या चुऱ्यासारखे.

मामांनी चष्मा पुसला. पाच नंबरची चकती त्यांनी हलक्या हातानं जराशी उचलली. खोडावर, पाण्याच्या पातळीला, पांढऱ्या कोंबांची एक ओळ फुटली होती. नवी मुळं, मातीत नव्हे, वर, हवेच्या जवळ. सहाला होती, तीनला होती. सगळ्यांना होती, फक्त चारच्या खोडावर ओरखडे होते.

"अरे, हे तर वरून नवीन लाइन टाकतंय," मामा स्वतःशीच म्हणाले.

खालची लाइन चोक झाली की ती उकरत न बसता वरून दुसरी काढायची, हे त्यांना त्यांच्या उस्तादानं शिकवायला तीन वर्षं लागली होती. हे रोपटं ते चार दिवसांत शिकलं होतं आणि मामांनी त्याचं काम चकतीबरोबर खरवडून काढलं होतं. त्यांनी घाईघाईनं पाणी परत खुणेपर्यंत भरलं, चकती बसवली, फरशी पुसली. आता काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

मामी आल्या, त्यांनी ओलं फडकं पाहिलं आणि नवऱ्याचा चेहरा पाहिला. त्यांनी चहा टाकला. चहा गार झाल्यावर मामा उठले आणि त्यांनी वहीत लिहिलं. 'टब चार. अकरा दहाला मी पाणी काढलं. अकरा पन्नासला परत भरलं. चकती ओढताना खोडावरची नवी मुळं तुटली. बाकी पाच टबांत ती आहेत. चूक माझी.' खाली त्यांनी मुळांचं चित्रही काढलं, पाइपांचं काढत तसं, मापं टाकून. त्यानंतर रोज ते तितक्याच काटेकोरपणे आकडे लिहीत राहिले, पण शिट्टी वाजवणं बंद झालं.

भाची आली ती बॅग न उतरवताच वही घेऊन गॅलरीत बसली. मामा दाराआड उभे. चौथ्या दिवसाच्या पानावर ती थांबली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"मामा, इकडे ये."

मामा बोलणी खायच्या तयारीनं गेले. तिनं आकड्यांवर बोट ठेवलं. पाच टबांतली रोपं पाचव्या दिवसापासून जास्त पाणी ओढू लागली होती. सत्तर, नव्वद, एकशेदहा. चार नंबर पन्नासावरच अडून बसला होता.

"या नव्या मुळांनी पाणी येतं की ती नुसती नावाला, हेच तर मला कळत नव्हतं," ती म्हणाली. "एका रोपावरून काही सिद्ध होत नाही. पण आता काय करून बघायचं ते कळलं. तू हे लिहिलं नसतंस तर मी चारचा आकडा बाकीच्यांत मिसळला असता आणि डोकं धरून बसले असते."

"म्हणजे फसलं नाही?"

"नाही रे. पुढच्या महिन्यात अजून बारा टब आणते. सहांची मुळं मुद्दाम काढायची, अगदी तू काढलीस तशी. आणि ते काम तूच करायचंस."

मामांचे डोळे भरून आले, ते लपवायला ते चार नंबरवर वाकले. रोपाची मान अजून खाली होती. मात्र ओरखड्यांच्या जरा वर एक नवा पांढरा ठिपका आला होता.

"मुळं काढेन," मामा म्हणाले, "पण याला आता कुणी हात लावायचा नाही. याची लाइन चालू आहे."