चंद्र उगवेपर्यंतचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना, घासलेटवर जळणारा रस्त्यावरचा दिवा आहे. लोणावळ्याजवळ तुंगार्लीत ओढ्यावर एक लहान पूल होता. त्याला कठडा नव्हता, म्हणून मुंबईच्या एका शेटजींनी आपल्या बंगल्याच्या वाटेवर तिथे मला उभं केलं. एकोणीसशे तीस साल अजून उजाडायचं होतं. बंगल्याचा रखवालदार रोज माझी काच राखेने पुसायचा, वात कातरायचा. माझं सगळं छान चाललं होतं, पण तो चंद्र मला डोळ्यांसमोर नको असायचा. त्यातून रखवालदाराचं नाव काय, तर चाँदभाई! आता बोला!

तुम्हीच सांगा, रात्रभर जळायचं कुणी? मी. काजळी कुणाला? मला. आणि अंगाईगीतं, कौतुक, नमस्कार सगळे त्याला!

खालच्या वस्तीतल्या कस्तुराबाई संकष्टीचा उपास करत. चंद्र दिसल्याशिवाय त्या जेवत नसत. पुलावरून पूर्वेचं आभाळ मोकळं दिसे, म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन त्या तिथे येत. उभ्या राहत माझ्या उजेडात आणि वाट बघत त्याची! मी आतल्या आत धुमसत असे.

एके वर्षी शेटजींनी घासलेट वाचवायला नियम केला. पौर्णिमेआधीच्या अष्टमीपासून नंतरच्या अष्टमीपर्यंत चांदणं असतं, तेवढे दिवस दिवा लावायचा नाही. पौर्णिमेपर्यंत ते निभावून गेलं, कारण सांज होताच चंद्र आभाळात असे. घोटाळा झाला तो नंतरच्या चतुर्थीला. कस्तुराबाई तांब्या घेऊन आल्या तेव्हा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. माझी टाकी भरलेली, काच लख्ख, आणि मी विझलेला! त्यांचं पाऊल कडेबाहेर पडलं आणि त्या ओढ्यात कोसळल्या. हाक ऐकून चाँदभाई धावला. बाईंच्या पायाचा घोटा मोडला होता. चार माणसं उचलून नेत असताना कस्तुराबाईंनी काय विचारलं असेल?

"भाऊ, उगवला का रं त्यो?"

मला त्यांची कणव आली आणि त्याचा संतापही. तो आला सावकाश, सगळं झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळल्यावर चाँदभाईने शाळेच्या रखमाजी मास्तरांना पुलावर आणलं.

"मास्तर, चौथीचा चंद्र चांगला मोटा आसतो. मग सांजंला कुटं दडून बसतो?"

मास्तरांनी चाँदभाईकडून मला लावून घेतलं आणि त्याच्या हातात एक नारळ दिला. "हा दिवा म्हणजे सूर्य. नारळ म्हणजे चंद्र आणि तुमचं डोकं ही पृथ्वी. हात लांब करा, नारळ डोक्याच्या जरा वर धरा आणि जागच्या जागी फिरा."

मी सूर्य! काय सांगू तुम्हाला!

चाँदभाईचं तोंड माझ्याकडे होतं तेव्हा नारळाची काळोखी बाजू त्याच्याकडे होती. ती अमावास्या. तो कडेला वळला तशी नारळाची अर्धी बाजू उजळ दिसली. ती अष्टमी. माझ्याकडे पाठ केली आणि समोर सगळा नारळ उजळला. ती पौर्णिमा.

"चंद्राला स्वतःचा उजेड नाही," मास्तर म्हणाले. "सूर्य त्याची अर्धी बाजू नेहमीच उजळतो. चंद्र आपल्याभोवती फिरतो, म्हणून ती उजळ बाजू आपल्याला कधी कमी दिसते, कधी जास्त. पौर्णिमेला तो सूर्याच्या समोर असतो, म्हणून सूर्य मावळताच उगवतो. पुढे रोज दोनेक घटका उशीर होत जातो. चतुर्थीला उगवेपर्यंत चांगली रात्र होते."

"म्हंजी तवर अंधारच! अन् आमी दिवा इझवून बसलो!"

म्हणजे चंद्राचा उजेड उसना! मित्रांनो, आनंदाने माझी वात अशी भडकली की काच काळी झाली. चाँदभाईने मला दोन शिव्याही दिल्या.

मास्तरांनी समजावल्यावर शेटजींनी नियम बदलला. पौर्णिमेनंतर चंद्र उगवेपर्यंत मला लावायचं ठरलं.

काही महिन्यांनी एका संकष्टीला कस्तुराबाई काठी टेकत आल्या. मी पेटलेला होतो. चंद्र डोंगराआडून वर आला. त्यांनी त्याला पाणी सोडलं, हात जोडले, आणि माझ्या पोटात पुन्हा दुखलं. चाँदभाई नियमाप्रमाणे माझी वात उतरवू लागला.

"थांब भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यो लय लांब हाय. मला पूल उतरू दे, मग इझव."

त्या घरी पोचेपर्यंत चाँदभाईने मला जळत ठेवलं, आणि त्या रात्री मला चंद्राची आठवणही झाली नाही.

आता तिथे विजेचे दिवे आले आहेत. मी चाँदभाईच्या पडवीत खुंटीला टांगलेला असतो. चंद्राचा हेवा अजून जात नाही, खोटं कशाला बोलू? त्याला तुम्ही जरूर बघा, हातही जोडा. पण मित्रांनो, कुणी काळोखात त्याची वाट बघत उभं असेल, तर त्याच्या पायाशी एक दिवा असू द्या. आणि तो विझवण्याआधी ते माणूस घरी पोचलं का, एवढं विचारा.