दैवशालाताईंचं ‘इज नॉट’

तीन आठवडे मी एकाच गोष्टीवर घसा फोडत होते. ‘इज’च्या पुढे ‘नॉट’ लावा. बस्स, एवढंच. पाचवीतली पोरं चहाला उकळी येईपर्यंत शिकतात ते.

आणि माझ्यापुढे दैवशालाताई. माहेर केदारखेडा गावचं, वय चौतीस. शहरातल्या मस्तगड भागात माझ्या घराच्या बाहेरच्या खोलीत, इंग्रजीच्या शिकवणीला रोज चारच्या ठोक्याला हजर. सहा वर्षं एका इंग्रजी शाळेच्या नर्सरीत ‘मावशी’ म्हणून काम करत होत्या. पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. यंदा त्याच वर्गात मदतनीस शिक्षिकेची जागा निघाली. बारावी पास चालणार होतं, ती त्यांनी केलेली होती. फक्त सोमवारी प्रिन्सिपल बाईंसमोर तोंडी परीक्षा द्यायची होती. साधे प्रश्न, हो किंवा नाही, पण उत्तर पूर्ण वाक्यात.

“पोरं मला टीचर म्हणतील, मॅडम,” पहिल्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या होत्या. मलाही ते मनापासून हवं होतं. म्हणून तर इतका वैताग येत होता.

वहीत सगळं बिनचूक. ‘धिस इज नॉट अ पेन’ तोंडानंही खणखणीत. पण वाक्य घरात शिरलं की गाडी अडलीच.

“माय हजबंड इज ॲट होम. याचं नकारार्थी करा.”

त्यांनी वहीचं पान उलटलं.

“बरं, देअर इज सॉल्ट इन द हाऊस.”

पदराशी चाळा सुरू.

“अहो, तुम्हीच लिहिलंय ना वहीत! नुसतं वाचा!”

शनिवारी माझा तोल गेला. मी वही टेबलावर आपटली. “ताई, शिकायचं नसेल तर येऊ नका. माझा आणि तुमचा, दोघींचा वेळ वाया चाललाय.”

त्यांनी वही उचलली, कोपरा मुडपला होता तो सरळ केला. “येतं मला, मॅडम. पन घरातल्या मिठाला न्हाई म्हणत नसतेत. लग्न होऊन आले तव्हाच सासूबाईनं सांगितलं. मीठ सरलं तरी ‘मीठ आणायचं हाय’ म्हणायचं. मालक पुण्याला कंपनीत गेलेत. कुणी विचारलं तर ‘येणार हायेत’ म्हणते मी. जित्या माणसाला घरात न्हाई कसं म्हणू?”

माझी आईसुद्धा मीठ संपलं असं कधी म्हणायची नाही, ते मला आठवलं. पण म्हणून काय इंग्रजीत? “अहो, इंग्रजीत कसलं आलंय शुभ-अशुभ!”

“भाषा दुसरी असली तरी तोंड माझंच हाय ना.”

मला आणखीच राग आला. सोमवारचा एक दिवस सासूबाईंना बाजूला ठेवा, असं हात जोडून सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

सोमवारी मी सोबत गेले. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले, दार उघडंच होतं.

“इज धिस अ काऊ?”

“नो, धिस इज नॉट अ काऊ.”

मी मुठी आवळल्या. छान चाललं होतं.

“इज युअर हजबंड ॲट होम?”

बांगड्या किणकिणल्या. मग, “ही इज कमिंग.”

बाईंनी टेबलावरचा एक डबा उघडून दाखवला, रिकामा. “इज देअर फूड इन द टिफिन?”

“फूड इज कमिंग.”

आत कुणीतरी फिस्सकन हसलं. मला तर आत जाऊन त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. हसणाऱ्या माणसालाही.

संध्याकाळी प्रिन्सिपल बाईंचा फोन आला. “ज्यांना स्पष्ट नाही म्हणता येत नाही, त्या वर्ग काय सांभाळणार?” सहा वर्षं मग कोण सांभाळत होतं, असं मी विचारलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

मंगळवारी चारला दैवशालाताई नेहमीसारख्या आल्या. शाळेत त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, ते माझ्यावर सोडलं होतं. वही उघडून त्या माझ्याकडे बघत बसल्या.

“चहा टाकते हं,” मी म्हणाले. “त्या निकालाचं काय आहे, बघतायत ते अजून. जागा काय, पुढच्या वर्षीही निघेल. आणि तुमचं लिहिणं फार छान आहे, ते मी बाईंनाही सांगणार आहे...” मी बोलतच सुटले. तीन आठवडे जो शब्द म्हणा म्हणून त्यांच्यावर खेकसले, तो काही केल्या माझ्या तोंडून निघेना.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वही मिटली.

“आय ॲम नॉट अ टीचर,” त्या म्हणाल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा.

मग माझ्याकडे बघून विचारलं, “बराबर हाय का, मॅडम?”

वाक्यात एकही चूक नव्हती. मला हो म्हणावं लागलं.